मोहाखालची पंगत
बाजारात कुणी वाळल्या मोहफुलांचं पोतं उघडलं, की तो गोड, डोकं जड करणारा वास येतो आणि मी अजून आधी चढायला झाड शोधतो. चैत्रातली पहाट होती. केशोरीकडच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या मोहाखाली काकीनं पालापाचोळा जाळून जमीन साफ केली होती, आणि त्या काळ्या जमिनीवर पिवळसर, रसाळ फुलं टपटपत होती. काकी टोपलीत वेचत होती, मी तोंडात. तेवढ्यात बैलगाडीएवढं अस्वल आलं. आम्ही झाडावर कसे चढलो ते ठाऊक नाही; साठीची काकी माझ्या आधी पोहोचली, एवढं खरं. अस्वलानं आधी टोपली फस्त केली, मग जमिनीवरची फुलं. पण ते जाईना. मी इतका थरथरत होतो, की शेजारच्या गावचे मोहसुद्धा हलले असतील. काकी कुजबुजली, "हालू नोको ना बाबू! तू फुलं पाडून राहिला, ते खाऊन राहिलं. जाईल कायले?" मी अंग आवळून धरलं. फुलं पडायची थांबली. अस्वलानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं. "काकी, याले झाड चढता येते काय?" "येते ना." "मंग?" "मंग हाल ना बाबू, हाल!" ऊन डोक्यावर येईपर्यंत मी हलत राहिलो, तेव्हा कुठे ते पोट सावरत जंगलात गेलं. काकी आता थकली आहे. तरी चैत्र लागला की तिचा फोन येतोच, "येतोस काय बाबू? फुलं पाडाले माणूस पायजे."