आग्नेय कोपऱ्यातलं पॅनल

ड्रॉइंगमध्ये पॅनल रूम, म्हणजे सगळ्या शेडला वीज वाटणाऱ्या मेन स्विचांची खोली, गेटजवळ होती. साइटवर जाऊन पाहते तर तिचा पाया शेडच्या पार मागच्या कोपऱ्यात खणलेला.

चाकणजवळच्या एका गावात प्रेस शॉपची शेड उभी राहत होती. पत्रा दाबून पार्ट तयार करणारी मशिन्स तिथे बसणार होती. जमीन तात्यांची, धंदा सांभाळणार त्यांचा मुलगा राहुल. वायरिंगचं एस्टिमेट मी आधीच दिलं होतं, ऑफिसात बसून, ड्रॉइंगवरून. कंपनीतली मेंटेनन्सची नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स काढल्याला वर्ष झालं होतं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच समोर आलं होतं आणि मला ते हवंच होतं.

"पॅनल रूम इकडे कशी आली, तात्या?"

"ही आग्नेय हाय, ताई. वास्तूवाल्यांनी सांगितलं, लाइट म्हंजे अग्नी. ती हितंच पायजे."

माझा वास्तूवर विश्वास नाही. पण क्लायंटच्या श्रद्धेशी भांडून काम मिळत नाही, एवढी अक्कल मला आहे. मी मुकाट्याने एस्टिमेट नव्याने केलं. मीटरपासून पॅनलपर्यंत सगळा लोड एकटी वाहते ती मेन केबल. वर्कशॉपच्या वायरिंगमध्ये पैसे खाते तीच. अंतर फार वाढलं, की तिची जाडीही वाढवावी लागते. आकडा चांगलाच फुगला.

दुसऱ्या दिवशी राहुलचा फोन आला. "मॅडम, दुसऱ्या पार्टीचं कोटेशन तुमच्यापेक्षा खूप खाली आहे."

"त्यांनी मेन केबल किती मीटर धरलीय?"

त्याने वाचून सांगितलं, पंधरा मीटर. म्हणजे त्यांनीही जुनंच ड्रॉइंग पाहिलं होतं.

"काम अर्ध्यात आलं की एक्स्ट्रा बिल लावतील, नाहीतर बारीक केबल ओढून मोकळे होतील," मी म्हटलं.

"ते नंतर बघू. तुम्ही केबलची साइज कमी करा, काम तुमचं."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. माझे दोन वायरमन पंधरा दिवस घरी बसून होते. पण काम संपल्यावर टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. वायरिंग सुरक्षित आहे असं सांगणारा तो कागद, आणि त्यावर सही माझी असते. उद्या तिथे केबल तापून कुणाला काही झालं असतं, तर मला झोप लागली नसती.

"उद्या सकाळी साइटवर येते," मी म्हटलं. "तात्यांनाही थांबायला सांगा."

सकाळी राहुलसमोरच टेपचं एक टोक मी तात्यांच्या हातात दिलं. "चला, केबल जाईल तिथून चालू."

गेटजवळच्या मीटरपासून भिंतीच्या कडेने निघालो, वळलो, मागच्या कोपऱ्यात पोचलो. तीस मीटरची टेप चारदा लावावी लागली. शंभराच्या वर भरलं. तिथून पुन्हा गेटकडे मोजत आलो, कारण मशिन्स गेटजवळच बसणार होती. ट्रकमधून माल तिथेच उतरणार ना! करंट आधी मागे न्यायचा आणि परत पुढे आणायचा, असा सगळा द्राविडी प्राणायाम.

तात्यांना धाप लागली. मी विचारलं, "तुमची विहीर पोलापासून किती लांब आहे?"

"हाय की बरीच. आदी बारीक वायर टाकली व्हती, तवा मोटर उचलतच नव्हती. दोनदा जळली."

"का जळली?"

"येवढ्या लांब जाईस्तवर व्होल्टेज पडायचं."

"मग तुम्हीच सांगा, राहुलच्या मशिन्सचं काय होईल?"

तात्यांनी मागच्या कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, गेलं काम.

"राहुल्या," ते म्हणाले, "पॅनल गेटपाशी घे."

"आणि आग्नेय?"

"अग्नीच पायजे ना? मग कामगारांच्या च्याची शेगडी मांड तिथं."

मेन केबल बारा मीटरवर आली. एस्टिमेट खाली आलं, तरी त्या दुसऱ्या पार्टीपेक्षा थोडं वरच राहिलं. राहुल घासाघीस करायला लागला, तसं तात्यांनी त्याला गप्प केलं. "त्यांनी नुसता कागदावर आकडा दिला. ह्या बाईनं मला चालवून दाखवला."

तेव्हापासून साइटवर चालल्याशिवाय मी एस्टिमेट देत नाही. आणि टेपचं दुसरं टोक मालकाच्याच हातात देते.