रेघेखालचं नाव

छत्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली. खून, दरोडे, दंगली, सगळं पाहिलं. पण साहेब, मनातून न गेलेलं प्रकरण कोणतं, असं कुणी विचारलं तर मी जे सांगेन त्याची कुठल्याच ठाण्यात नोंद नाही. फिर्यादी चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई, शोध त्यांच्या वडिलांच्या माणसांचा, आणि तपासाची जागा न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ गावातलं त्यांचं स्वयंपाकघर. मी तेव्हा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती.

मी इथे मुलाकडे राहतो. मुलगा रोज ट्रेनने वेलिंग्टनला ऑफिसला जातो, सून हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. दोघं बाहेर पडले की घरात मी आणि खिडकीवर आदळणारा वारा. ठाणं सांभाळलेल्या माणसाला हे जड जातं. मी हात मागे बांधून कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारायचो. पलीकडच्या बाई एकट्याच राहायच्या. फिजोआ नावाचं इथलं हिरवं आंबटगोड फळ असतं, त्याचं झाड त्यांच्याकडे होतं. फळं गळायला लागली की त्या पिशवी भरून कुंपणावरून द्यायच्या. "किया ओरा, इन्स्पेक्टर!" ही त्यांची रोजची हाक, म्हणजे इथल्या माओरी भाषेतला नमस्कार. मी कोण होतो हे सुनेने सांगून ठेवलं होतं.

एके दिवशी पिशवीऐवजी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे आला. "यात माझ्या वडिलांचे कागद आहेत," बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याआधी मला एकच गोष्ट कळायला हवी. मला तीस वर्षांत जमलं नाही. तुम्ही पोलीस आहात, बघा."

हकीकत अशी. वडील तरुणपणी आयर्लंडहून आले. लग्न उशिरा केलं, पन्नाशीला आले तेव्हा ही एकुलती एक मुलगी झाली. ती बारा वर्षांची असताना ते गेले. हयातभर एकच सांगत राहिले: मी अनाथ, मला मागे कुणी नाही. मरणापूर्वी आठवडाभर तापात मात्र आईला हाका मारत होते. थडग्यावर नाव कोरताना बाईंच्या आईने खाली दोन ओळींची जागा कोरी ठेवली. कुणाचा मुलगा ते कळलं की लिहू, म्हणाली. ती जागा अजून कोरीच होती.

"त्यांची कुणी वाट बघत होतं का, एवढंच मला हवंय," बाई म्हणाल्या. "की घरच्यांनीच त्यांना टाकलं होतं?"

मी डबा घेतला. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. रिकाम्या हातांना काम मिळालं होतं.

कागद थोडेच होते. त्यांच्या लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्यामुलाच्या वडिलांच्या नावापुढे 'माहीत नाही'. इथल्या जुन्या जनगणनेचे घरोघरचे कागद सरकारने जपून ठेवलेच नाहीत, त्यामुळे ती वाट बंद. आयर्लंडचे १९०१ आणि १९११ सालचे मात्र शिल्लक आहेत, आणि घरबसल्या कॉम्प्युटरवर बघता येतात. बाईंनी ते पिंजून काढले होते. त्या नावाचा अनाथ मुलगा एकाही अनाथालयात नव्हता.

नवशिका फौजदार हरवलेल्या माणसाच्या घरी जाऊन विचारतो, तो काय बोलायचा? मुरलेला विचारतो, तो काय टाळायचा? बोलणं बनवता येतं, टाळणं बनवता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बाईंच्या स्वयंपाकघरात बसलो. सुनेची सुट्टी होती, तिला दुभाषी म्हणून सोबत घेतलं. माझं इंग्रजी कामापुरतं आहे, पण जबाब घ्यायचा तर कामापुरतं चालत नाही.

"वडील कुठे जायला नको म्हणायचे?"

बाईंनी विचार केला. "बंदरावर. आम्ही वेलिंग्टनला जायचो, पण धक्क्याच्या बाजूला ते कधी फिरकले नाहीत."

"घरात पोलीस आला कधी?"

"एकदा. आमचा कुत्रा हरवला होता, तो सापडला म्हणून सांगायला. वडील मागच्या दाराने गेले आणि तो जाईपर्यंत लाकडं फोडत राहिले."

"फोटो?"

एकच होता, लग्नाचा. बाप उभा, उजवा हात बायकोच्या खुर्चीवर, डावा कोटाच्या खिशात. मी बोट ठेवून विचारलं, लग्नाच्या फोटोत माणूस हात खिशात का घालतो?

"त्यांच्या डाव्या करंगळीला पुढचं पेर नव्हतं," बाई म्हणाल्या. "लाज वाटत असेल."

"बाई, हा माणूस अनाथ नव्हता. फरारी होता."

सून माझ्याकडे वळली. "बाबा, हे असंच्या असं ट्रान्सलेट करू?"

"कर."

बाई उठून उभ्या राहिल्या. गोरा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या वडिलांनी कधी कुणाची काडी उचलली नाही! तुम्ही त्यांना चोर म्हणताय?"

"फरारी आणि चोर यांत फरक असतो," मी म्हटलं. "बंदर टाळतो, पोलीस टाळतो, खूण लपवतो. तुमचे वडील जहाजावर कामाला होते आणि इथे उतरून पळाले, असं मला वाटतं. नाव खोटं असणार. म्हणून तुम्हाला सापडत नाहीत."

त्यांनी आम्हाला चहा दिला नाही. घरी येताना सून म्हणाली, "बाबा, म्हातारी माणसं आहेत, थोडं हळू ना." तिचं बरोबर होतं. पण पन्नास-साठ जबाबांनंतर जीभ तासली जाते, ती निवृत्तीनंतरही तशीच राहते.

तिसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या. "शोधा," एवढंच म्हणाल्या.

आता वाट माझ्या ओळखीची होती. जहाजावरून खलाशी पळाला की कप्तान कळवणार पोलिसांना, आणि पोलीस वर्णन छापणार. जगातलं कुठलंही खातं घ्या, फरारी माणसाचा कागद सारखाच असतो: वय, उंची, केस, डोळे, ओळखीच्या खुणा. इथलं जुनं पोलीस गॅझेट कॉम्प्युटरवर मिळतं हे सुनेने शोधून काढलं. तीन शनिवार-रविवार आम्ही दोघं वाचत बसलो. मुलगा हसायचा, बाबांनी घरातच ठाणं उघडलंय म्हणून.

तिसऱ्या रविवारी सापडला. आयर्लंडचा, वय अठरा, निळे डोळे, डाव्या करंगळीचं शेवटचं पेर नाही. जहाज वेलिंग्टनला लागलं असताना पळाला. नाव तेच, आडनाव वेगळं. पळणारा माणूस बहुतेक वेळा असंच करतो. आडनाव टाकतो आणि नाव ठेवतो, कारण मागून कुणी हाक मारली तर मान वळतेच.

बाईंना बोलावून, खऱ्या आडनावाने आम्ही १९०१ ची जनगणना काढली. त्या नावाची, त्या वयाची तीन मुलं निघाली, तीन वेगळ्या घरांत. एका घरातल्या आईचं नाव जरा वेगळं होतं. सुनेने ते वाचलं आणि बाईंनी तोंडावर हात ठेवला. "हे माझं मधलं नाव आहे. वडिलांनी हट्टाने ठेवलेलं. आईच्या माहेरी या नावाचं कुणीच नव्हतं."

आई, बाप आणि पाच मुलं. बाप तिथे पोटापुरती शेती करायचा. अनाथ म्हणवणाऱ्या माणसाला भरलं घर होतं. बाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरची ती सगळी नावं एकेक करून वाचली. मग म्हणाल्या, "आता पुढचा काढा. ते पळाल्यानंतरचा."

१९११ चा कागद म्हणजे पोरगा पळाल्यानंतर दोनेक वर्षांनी. सुनेने तेच घर शोधलं. टाइप केलेली यादी समोर आली. आई, बाप, चार मुलं.

"ते यात नाहीत," सून हळूच इंग्रजीत म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे सोडलंच त्यांना. दोन वर्षांत यादीतूनही काढलं."

मला त्या घडीला फार वाईट वाटलं. ऑपरेशनला नऊ दिवस राहिले होते आणि हे उत्तर मी शोधून दिलं होतं. पण ती यादी कुणीतरी नंतर बसून टाइप केलेली होती, आणि नकलेवर माझा कधीच विश्वास नाही. कोर्टात नक्कल वाचून तोंडघशी पडलो आहे.

"मूळ कागद दाखव," मी सुनेला म्हटलं.

"बाबा, सेमच असणार."

"तरी दाखव."

मूळ कागदाचा फोटो उघडला. बापाच्या हातचं वेडंवाकडं अक्षर. आई, बाप, चार मुलं, आणि त्यांच्याखाली सातवी ओळ. तिच्यावर शाईची एक सरळ रेघ मारलेली. रेघेखाली नाव स्वच्छ वाचता येत होतं. तेच नाव. वय वीस. काम, जहाजावर.

मी ती रेघ ओळखली. आमच्याकडे नव्या शिपायाला पहिल्या आठवड्यात शिकवतात: लिहिलेलं गिरगटायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर मजकूर, शेजारी सही. इथे रेघेशेजारी दोन बारीक अक्षरं होती. "कागदाच्या तळाशी सही कुणाची आहे, वाच," मी म्हटलं.

सून वाकून वाचू लागली. "कॉन्स्टेबल... बाबा, हा पोलीस आहे!"

त्या काळी आयर्लंडात घरोघर जाऊन जनगणनेचे कागद गोळा करायचं काम पोलिसांकडे होतं. नियम असा की जनगणनेच्या रात्री घरात मुक्कामाला असलेल्यांचीच नावं लिहायची. बापाने नियम मोडून पोराचं नाव लिहिलं. कॉन्स्टेबलने नियमाप्रमाणे ते कापलं, आणि यादी टाइप करणाऱ्याने कापलेली ओळ सोडून दिली.

मी बाईंना समजावून सांगितलं. "पोरगा पळाला तेव्हा अठराचा होता. इथे वीस लिहिलंय. म्हणजे न दिसणाऱ्या पोराचं वय त्या घरात मोजलं जात होतं. आणि हा रकाना बघा, आईला किती मुलं झाली आणि किती हयात आहेत ते विचारलंय. पाच झाली. पाच हयात."

बाईंनी पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं आणि त्या रडल्या. मोठ्याने, लहान मुलीसारख्या. सुनेने त्यांना जवळ घेतलं. जरा वेळाने त्यांनी मला विचारलं, "इन्स्पेक्टर, त्या पोलिसाच्या जागी तुम्ही असता तर कापलं असतं?"

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

उत्तर दिलं आणि दुसरंच घर डोळ्यांपुढे आलं.

मी तेव्हा खानदेशात एका तालुक्याच्या ठाण्यात फौजदार होतो. चोरीच्या गुन्ह्यात एका पोराला शोधत होतो, दोन वर्षं तो गायब. घरझडतीत रेशनकार्ड हाती लागलं. त्यावर पोराचं नाव तसंच होतं. मला वाटलं, सापडला! नाव चालू आहे म्हणजे पोरगा घरी येऊन-जाऊन आहे. त्याच्या आईला ठाण्यात बोलावलं आणि दिवसभर बसवून ठेवलं. "तो घरात नाही म्हणतेस, मग कार्डावर नाव कशाला?" हे मी किती वेळा आणि कसल्या आवाजात विचारलं, ते आठवलं की आज लाज वाटते. ती बाई एकच उत्तर देत राहिली. "साहेब, नाव काढून टाकलं आन् उद्या तो जेवायला आला, तर?"

ते मला बनेल वाटलं. केस डायरीत मी स्वतःच्या हाताने लिहिलं: आई उडवाउडवीची उत्तरे देते, मुलाशी संपर्क असल्याचा दाट संशय. तो मुलगा पुढे सापडला नाही. माझी बदली झाली. घरझडतीत त्याच्या येण्या-जाण्याची एकही खूण मिळाली नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. माणसांची पारख आहे म्हणून मी खात्यात मिरवायचो, आणि समोर बसलेली आई मला ओळखता आली नाही.

शेजारच्या बाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते दगड कोरणाऱ्याला बोलावण्याचं. थडग्यावर कोऱ्या राहिलेल्या दोन ओळींत आता वडिलांच्या आईबापांची नावं आहेत. खोटं आडनाव बदलू का, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, राहू दे, तेही त्यांचंच आहे. कोरून झाल्यावर त्या मला आणि सुनेला तिथे घेऊन गेल्या. वारा इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. बाईंनी माझा हात धरून ठेवला होता.

ती केस डायरी आता कुठल्या गठ्ठ्यात पडली असेल, की रद्दीत गेली असेल, देव जाणे. मिळाली तर मला तिच्यातलं एक वाक्य दुरुस्त करायचं आहे. नियमाप्रमाणे एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, म्हणजे मी काय लिहिलं होतं ते कुणापासून लपणार नाही. शेजारी माझी सही. आणि वर बरोबर मजकूर: आई मुलाची वाट पाहते.