डब्यात राहिलेलं गाणं

गणपतीच्या आरतीला माझा दोस्त भाऊ टाळ्या वाजवायचा, पण तोंड मिटून. अख्खी आळी घसा फोडून गात असताना हा गिटारवाला गप्प उभा राहतो, याचा वारूळवाडीतल्या लोकांना राग यायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "माझा आवाज चारचौघांत बसत न्हाई, राव. एकट्यानंच गावं असा हाय." आवाज होताही तसाच, खरखरीत, मधेच फाटणारा. तो फाटला की माझ्या अंगावर काटा यायचा आणि भाऊ ते हेरून हसायचा.

पुण्यात शिकायला गेलेला भाऊ शिक्षण अर्धवट टाकून गिटार घेऊन परत आला होता. तिथे चार पोरांच्या रॉक बँडमध्ये तो गायचा. नव्या तारा परवडत नसत, म्हणून जुन्याच तारा पातेल्यात उकळून पुन्हा चढवायचा. "मळ निघतो, आवाज मोकळा व्हतो," म्हणायचा. त्याच्या आईने ते पातेलं बिचाऱ्याला वेगळं काढून दिलं होतं. घरात गायची मात्र बंदी. त्याचे वडील, तात्या, टोमॅटो पिकवणारे आणि मोजकं बोलणारे. "घरात त्ये केकाटणं नको," एवढं एकदाच, नुसती गिटार बघून म्हणाले. भाऊ सरावाला विहिरीवर जाऊ लागला.

मग बँड ऐकलेल्या एका दिग्दर्शकाने त्याला मराठी सिनेमात गाणं दिलं. बँडला नाही, एकट्या भाऊला. नायक रिकाम्या एसटी स्टँडवर बसलाय, मागे एक गिटार आणि भाऊचा आवाज. चार मिनिटं. बँडमधली पोरं त्यावरून त्याच्याशी बोलायची बंद झाली, तेही त्याने सोसलं. कॅसेट निघाल्यावर एक मला दिली, एक घरी नेली. तात्यांनी तिला हातही लावला नाही. "कॅसेट काय, नारायणगावात कुणीबी भरून देतंय. शिनेमात येऊ दे, मग बोल," म्हणाले. त्या दिवसापासून भाऊला एकच ध्यास लागला, तात्यांनी ते गाणं पडद्यावर ऐकावं.

मी तेव्हा गावोगाव फिरणाऱ्या तंबूच्या टॉकीजवर ऑपरेटर होतो. यात्रेत तमाशा सुरू व्हायच्या आत आमचे खेळ उरकावे लागत, म्हणून मालक सांगेल ती गाणी मी कात्रीने कापायचो आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायचो. प्रिंट परत करताना तुकडे पुन्हा चिकटवायचे. नाचाची गाणी राहायची. संथ गाण्याला लोक चहाला उठतात, त्यामुळे ती आधी जायची. भाऊचा सिनेमा आमच्या गावात आला, तोवर त्याचं गाणं माझ्याच हाताने डब्यात गेलं होतं.

खेळाआधी भाऊ माझ्याकडे आला. "तात्या येनार हायेत. गाणं हाय ना?"

"हाय," मी म्हणालो. मध्यंतरात चिकटवून टाकू, असा माझा बेत होता. मध्यंतरात मालक सिनेमाच्या मशीनशेजारी येऊन उभा राहिला. "आज जोडाजोडी नको. उशीर झाला तर पुढचा खेळ बुडंल," म्हणाला. मी तसंच पुढचं रीळ चढवलं. नोकरीची भीती होती, आणि एका गाण्याने काय एवढं बिघडतंय, हा माजही होता. डबा माझ्या पायाशीच होता.

तात्या पुढे पोत्यावर बसले होते, धुतलेली टोपी घालून. नायक स्टँडवर येऊन बसला आणि पडदा एकदम लग्नाच्या वरातीत गेला. तात्या शेवटपर्यंत थांबले. मग सगळ्यांदेखत भाऊला म्हणाले, "कुठं हाय तुझं?"

गाणं गेलं म्हणून चिडलेली गावातली पाच-सहा पोरं तोवर मशीनच्या गाडीकडे निघाली होती. गाणी कोण कापतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मी तिथून जिवंत सुटलो नसतो. भाऊने माझ्याकडे एकदा पाहिलं.

"मुंबईलाच कापलं, तात्या," तो म्हणाला. "मला ठावं व्हतं. मीच लपवलं."

"म्हंजी खोटं बोलून मला हितं बसवलंस," तात्या म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो, तर म्हणाला, "तुझं हाड मोडलं असतं. माझं काय, गाणंच गेलं." पण गेलं ते नुसतं गाणं नव्हतं. तात्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. सिनेमा सगळीकडेच पडला, तेव्हा खरंखोटं करायला पुन्हा तो कुणी पाहिलाही नाही. पोरं त्याला 'कट' म्हणून हाका मारू लागली आणि तो निमूट ओ देऊ लागला. वर्षभरात भोसरीला एका कारखान्यात लागला, दिवाळीलाही येईनासा झाला. गिटार विकल्याचं कुणीतरी सांगितलं. मी तंबू सोडून जुन्नरला मोबाइलचं दुकान टाकलं. ते उत्तम चाललं. माझ्यासारख्यांचं चालतंच.

तात्या अंथरुणाला खिळल्याचं दहा वर्षांनी कळलं, तेव्हा टेप आणि माझ्याकडची कॅसेट घेऊन मी गेलो आणि सगळं कबूल केलं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "लाव," एवढंच म्हणाले. डोळे मिटून गाणं ऐकलं.

"ह्यो आवाज त्याचाच हाय ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो आणि बाहेर येऊन, हिंमत करून भाऊला फोन लावला. म्हटलं, भाऊ, तात्यांना सगळं सांगितलं. गाणं ऐकवलं. पहिल्या ओळीलाच त्यांनी तुझा आवाज ओळखला. मला वाटलं, एवढं तरी त्याला द्यावं.

"कायबी नगं सांगू," भाऊ म्हणाला. "त्यांनी माझा आवाज ऐकलाय कवा, वळखायला?"

आणि त्याने फोन ठेवला.