पाइपाभोवतीचं डांबर

चूक माझीच होती. तापलेल्या डांबराचा वास आला की लालबागची आमची चाळ आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाला निघताना शेजारचा मित्र डांबराचा डबा देत म्हणाला होता, "संडासाचा हवेचा पाइप आमच्या पत्र्यातून वर जातो, त्याच्याभोवतीची फट बुजव रे. खाली आई झोपते." मी ते डांबर भिंतीवर घोषणा रंगवायला दिलं आणि त्याच्या आजारी आईला सांगितलं, "काम झालं." पावसात ती अंथरुणासकट भिजली. तुरुंगातून सुटल्यावर मित्र पत्र्यावर चढला, ती फट बघून खाली आला. "तुझ्या भरवशावर मी आत निर्धास्त झोपायचो," म्हणाला, आणि त्यानंतर त्यानं माझ्याशी बोलणंच सोडलं. परवा, पन्नाशी उलटल्यावर, त्याच्या दारात उभा राहिलो. म्हणालो, "चळवळीची सबब सांगत नाही. तुझ्या आईशी मी खोटं बोललो. मला माफ कर."