मिटलेल्या जाळ्या

लेम्पी नीमेलाने आपले घर एकेक खोली करीत मिटत आणले होते. आधी माडीवरची मुलाची, वेनची खोली. मग लग्न होऊन मिनिआपोलिसला गेलेल्या कॅरोलची. आणि तीन हिवाळ्यांपूर्वी, नवरा उर्हो गेल्यावर, दोघांची निजायची खोली. प्रत्येक वेळी तिने तेच केले. गुडघ्यांवर बसून जमिनीतल्या लोखंडी जाळीची खिट्टी सरकवली, तळघरातल्या, घर तापवणाऱ्या भट्टीकडून येणारी ऊब अडवली, दार ओढून घेतले आणि दाराखालच्या फटीशी जुन्या टॉवेलची वळकटी ठेवली. रिकाम्या खोलीला ऊब पुरवणे ही उधळपट्टी, हे शहाणपण तिला आईकडून मिळाले होते. आईच्या ओंडक्यांच्या घरात एकच चूल होती, आणि ती कितीही रसरसली तरी दोन खोल्यांपलीकडे तिची मजल जात नसे. एम्बरास गावातल्या साऱ्याच फिनिश बायका हिवाळा आला की घर असे आवळून घेत.

आता एक्क्याऐंशीव्या वर्षी स्वयंपाकघर आणि शेजारची बैठक एवढेच तिचे घर उरले होते. खिडकीतून भट्टीच्या प्रोपेन गॅसची टाकी दिसे, आणि तिच्यामागे उर्होने खाणीतल्या नोकरीच्या सुट्यांमध्ये बांधलेली सौनाची, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली. दर शनिवारी लेम्पी तिथे लाकडे पेटवी आणि नंतर बाहेर, दोघांसाठी केलेल्या बाकावर एकटी बसे.

उर्हो गेल्यापासून भट्टी दगा देऊ लागली होती. चांगली भरात आली की आपोआप विझे. मग मोठ्या गावातल्या एका कंपनीचा माणूस येई. भट्टी अति तापली की तिला बंद पाडणारा एक चिमुकला खटका असतो. तो जळाला आहे असे सांगून माणूस नवा बसवी, येण्याचे पैसे वेगळे, खटक्याचे वेगळे, कामाचे वेगळे घेई आणि निघून जाई. खटका मुळात पुन्हापुन्हा का जळतो हे त्याने कधी सांगितले नाही, आणि लेम्पीला विचारायचे सुचले नाही. या नोव्हेंबरात मात्र आलेल्या माणसाने भट्टीला वापरू नये अशी लाल चिठ्ठी बांधली, गॅस बंद केला आणि नवी भट्टी घ्यावी लागेल असे सांगून उभ्या उभ्या सहीसाठी कागद पुढे केला.

लेम्पीने सही केली नाही. कॅरोलने फोनवर सांगितले की आता हट्ट पुरे, आपल्याकडची खोली केव्हाची तयार आहे, येत्या रविवारी ती गाडी घेऊन येणार. लेम्पी म्हणाली, भट्टी चालू झाली तर तुला रिकाम्या गाडीने परत जावे लागेल. ज्या घरात दोन मुले वाढवली आणि दोघांना निरोप दिला, ते सोडायची तिची तयारी नव्हती. तिला दुसरे मत हवे होते.

ते देऊ शकणारा माणूस तळ्यापलीकडेच राहत होता. रॉनी झुपान वेनचा बालमित्र. लहानपणी दोघांपैकी एक तळघरात उतरे, दुसरा वेनच्या खोलीतल्या जाळीला कान लावून पालथा पडे, आणि भट्टीच्या नळातून वरखाली गप्पा चालत. पुढे एका मार्चमध्ये बर्फावरच्या मोटारी घेऊन दोघे गोठलेल्या तळ्यावर गेले. पुढे असलेला रॉनी पार झाला. मागून येणाऱ्या वेनखाली बर्फ फुटला, तो पुन्हा वर आलाच नाही. लेम्पीने रॉनीला कधी बोल लावला नाही. घरी बोलावलेही नाही. भट्ट्यांची कामे करण्यात त्याचे नाव झाले, तरी ती दूरच्या कंपनीला फोन करीत राहिली.

आता मात्र तिने त्यालाच बोलावले. तो आला तेव्हा दारातच बूट काढू लागला.

"राहू देत रे. घर गार आहे."

"नको काकू. या घरात बूट घालून आलो तर कान उपटाल, एवढं आठवतंय."

लेम्पीने त्याच्याकडे नीट पाहिले. "पोट सुटलंय तुझं."

"बायको गोड पोतित्सा भाजते. अक्रोडाचं सारण भरून. माझा काय दोष?"

"तुझी आईही करायची. तेव्हा कुठं सुटलं होतं?"

"तेव्हा अर्धी वेन खायचा," रॉनी म्हणून गेला आणि तळघराच्या जिन्याकडे वळला.

तळघरात त्याने भट्टीचे पत्रे उतरवले, आरसा आत सरकवून बॅटरीचा झोत टाकला आणि लेम्पीला वाकून पाहायला सांगितले. ज्या पोलादी कप्प्यात ज्वाळा जळते, त्याच्या वळणावर केसाएवढी चीर होती. अशा चिरेतून घरात येणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. भट्टी बंद केली ते योग्यच केले, असे तो म्हणाला. कप्पा कारखाना फुकट देईल, कारण ही भट्टी जुनीच्या जागी मागाहून बसवलेली, आणि कप्प्याची हमी अजून संपलेली नाही. पण हमी पत्र्याची असते, हातांची नसते. सगळी भट्टी उकलून तो बसवायचा, तर मजुरीच नव्या भट्टीच्या निम्म्यावर जाते, आणि भोवतीचे बाकीचे भाग म्हातारेच राहतात. नवीच घ्यावी. बसवण्याचे पैसे तो घेणार नव्हता.

"फक्त वरच्या खोल्या एकदा बघू द्या. का फुटली ते कळायला हवं."

तो एकटाच वर गेला. इतर दारे लगेच उघडली-मिटली. वेनच्या खोलीतून त्याची पावले बराच वेळ बाहेर आली नाहीत. खाली आल्यावर तो टेबलाशी बसला आणि कॉफीचा कप हातात फिरवत राहिला.

"काकू, त्या जाळ्या केव्हापासून बंद आहेत?"

"ज्या खोलीत कुणी नाही, तिथल्या. तेव्हापासून."

"चुलीला चालतं ते. भट्टीला नाही चालत. ही अख्ख्या घराच्या मापाची आहे. पंखा गरम हवा ढकलत राहतो, ती जाणार कुठं? तिच्या पोटातच राहते. खटका जळत होता तो त्यानंच. शेवटी पत्रा फाटला."

"म्हणजे मीच."

"तसं नाही म्हणत मी."

"म्हणतोयस. म्हण की."

रॉनीने मान वर केली नाही. लेम्पीला वाटत आले होते की घर म्हाताऱ्या माणसासारखे आपोआप थकते आहे. काटकसर म्हणून केले ते सगळे उलटे फिरले होते, यापेक्षा तिला दुसरेच काही बोचत होते. उबेची काटकसर हे कारण कॅरोलच्या खोलीला लागू होते. वेनची जाळी तिने जूनच्या भर उन्हाळ्यात, भट्टी बंद असताना मिटली होती.

"नवी बसवली तर सगळ्या उघड्या ठेवाव्या लागतील?"

"हो. दारंही."

"त्याचंही."

"त्याचंही, काकू."

"टिकेल किती?"

"निगा राखली तर वीस वर्षं."

"वीस वर्षं," लेम्पी म्हणाली. "कुणासाठी रे?"

रॉनीने कप खाली ठेवला. मजुरी माफ करून भागण्यासारखा हा प्रश्न नव्हता. संध्याकाळी लेम्पीने कॅरोलला फोन करून मोठी गाडी आण एवढेच सांगितले. कॅरोलला बरे वाटले असावे, ती रडली.

शनिवारी लेम्पीने सौना पेटवली आणि रॉनीला बोलावले. बाहेरच्या बाकावर तो उर्होच्या जागी बसला. दोघांच्या अंगातून वाफा निघत होत्या.

रविवारी, कॅरोल पोहोचण्याआधी, तो नळांतले पाणी काढायला आला. गार घरात पाणी राहिले तर गोठून नळ फुटतात. तो तळघरात उतरल्यावर लेम्पी कठड्याला धरून माडीवर गेली. तिने टॉवेलची वळकटी पायाने सारली, वेनच्या खोलीत शिरून गुडघ्यांवर बसली आणि जाळीची खिट्टी दोन्ही हातांनी ओढली. गंजलेले पाते करकरत उघडले. ऊब येणार नव्हतीच. तळघराचा ओला, मातकट वास तेवढा वर आला, आणि त्यापाठोपाठ पाना नळावर आपटल्याचा आवाज, मग जवळून, अगदी तिच्या हाताशी, माणसाचे बोलणे.

"काकू, वरचे नळ सोडता का?"

तिने हात जाळीवर ठेवला. खाली तो थांबून राहिला होता.

"थांब जरा," लेम्पी जाळीत वाकून म्हणाली. "इथंच आहे मी."