छातीत दुखत होतं का?

एकटीचं जेवण उरकायला कितीसा वेळ लागतो! खरकटं ताट तसंच सरकवून मी चटईवर आडवी होते. डोळे मिटतात, पण सिस्टरचे प्रश्न कानात चालूच राहतात.

नवऱ्याला जाऊन दीड महिना झाला. घरात अचानक गेले. तेव्हा चिरफाड मी करू दिली नाही, म्हणून आज सकाळी आरोग्य केंद्राच्या सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. हल्ली म्हणे नुसतं घरच्यांना विचारूनही मरणाचं कारण शोधतात. मी धडाधड उत्तरं दिली. एक खोटं दिलं.

पंख्याची घरघर वाढते आणि मी आमच्या पिठाच्या गिरणीत उभी असते. पट्टा फिरतोय, आवाज मात्र नाही. समोर हेच बसलेत, मांडीवर सिस्टरचा फॉर्म.

"ताप होता का?"

"नव्हता. तुम्हाला ठाऊक नाही होय?"

"मी मेलोय. तू सांग. खोकला?"

"नव्हता." मला हसू येतं. जिवंतपणी या माणसानं रेशनचा फॉर्मसुद्धा माझ्याकडूनच भरून घेतला.

"छातीत दुखत होतं का?"

मी मान फिरवते. आता आम्ही दवाखान्याच्या बाकड्यावर आहोत. त्या दिवशी इथंच यायला हवं होतं.

"नाही म्हणालीस तू," ते म्हणतात.

"अहो, मला वाटलं पित्त आहे. सोडा पाजला, पडा म्हटलं. दवाखाना चार पावलांवर होता हो!"

"होता."

"रागावलात?"

"एकटीच जेवतेस?"

"मग कुणाबरोबर जेवू?"

ते माझा हात धरतात, मूठ वळवतात आणि माझ्याच छातीच्या मधोमध दाबतात. "इथं दुखत होतं. खरं सांग त्यांना. दुसऱ्या कुणाच्या बायकोला तरी वेळेवर कळेल."

"थांबा ना जरा."

बाकड्यावर मी एकटीच असते.

जाग येते तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलेलं असतं. छाती ठणकतेय. पदर सारून बघते, तर मधोमध चार पेरांचे लाल वळ उठलेत.

मी फोन लावते. "सिस्टर, एक उत्तर खोटं दिलं मी. छातीत दुखत होतं ह्यांच्या. मला सांगितलं होतं."

पलीकडे फॉर्मची पानं उलटल्याचा आवाज येतो. मग हळूच प्रश्न येतो, "काकू, नेमकं कुठं दुखत होतं, सांगता येईल?"

"या तुम्ही," मी म्हणते. "दाखवते."