शमीमच्या नावापुढची रेघ

रेवा, निशांत, हे तुमच्या आईलाही ठाऊक नाही. आजोबांना सांगायचं राहून गेलं म्हणावं, तर तेही खोटं. राहून गेलं नाही. मी सांगितलं नाही.

परवा रेवाचा फोन आला. ऑफिसात प्रत्येकाने वर्षभरातलं आवडतं पुस्तक नाहीतर सिनेमा सांगायचा होता, आणि आधीच्या मुलीने नेमका हिचाच सिनेमा सांगितला! "मग काय आजी, आम्ही दोघी एकदमच बोलत सुटलो!" रेवा हसत होती. मीही हसले. फोन ठेवला आणि हे लिहायला बसले.

आमच्याकडेही हे चालतं, पोरांनो, आणि काय धमाल असते म्हणून सांगू! शाळेतले आम्ही आठ निवृत्त शिक्षक. डिसेंबरातला शेवटचा रविवार, ड्रॉइंगच्या गायकवाड सरांचा घोडेगावचा मळा. गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, आणि एकेकाने उठून सांगायचं. कोण काय आणणार? महिनाभर आधीपासून मला दम निघत नाही! नियम माझाच: एकदा सांगितलेलं दुसऱ्याने पुन्हा सांगायचं नाही. वहीही माझीच. नाव, पुस्तक, सिनेमा, पट्टीने आखलेले रकाने.

कोल्हारहून मी आणि शमीम एसटीने जातो. ती हिंदी शिकवायची, मी इंग्रजी. सात वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वर्षभरात तिने एकच कादंबरी वाचली होती. भिंगातून, ओळीखाली बोट धरून. एका शिंपीणबाईची गोष्ट. बसमध्ये माझा हात घट्ट धरून ती सांगत होती, "बाई, शेवटी ती नवऱ्यासाठी शिवलेला सदरा उसवती ना — मला वाटलं, आता कुठं ही स्वतःसाठी काहीतरी करतीय. लई रडले बघा."

आणि मी? मी त्या वर्षी काय वाचलं होतं? काही नाही. एकही पुस्तक नाही. मोबाईलवर स्वयंपाकाचे आणि साड्यांचे व्हिडिओ बघण्यात वर्ष गेलं होतं. पण इंग्रजीच्या बाई ना मी! सगळे माझ्याकडे बघतात — बाईंनी यंदा काय आणलं? साधं "वाचलं नाही" म्हणायला काय झालं होतं?

मळ्यात क्रमाच्या चिठ्ठ्या निघाल्या. माझं नाव पहिलं.

मी उठले, आणि शिंपीणबाईची गोष्ट सांगितली. सदरा उसवण्यापर्यंत. शमीमचं वाक्यसुद्धा — "आता कुठं ही स्वतःसाठी काहीतरी करतेय." मग टाळ्या. मला तेव्हा — हेच लिहायला जड जातंय — मला तेव्हा छान वाटलं.

शमीमची चिठ्ठी सातवी. ती उठली. माझ्याकडे बघितलं का तिने? नाही. "यंदा काही वाचून झालं न्हाई," एवढंच म्हणाली. डोळ्यांचं कारणही दिलं नाही.

"शमीमबाई, वर्षभर नुसत्या मालिका बघितल्या का काय?" गायकवाड सर ओरडले.

सगळे हसले. मीही हसले. म्हणजे, वर्ष वाया घालवलेली ती मी, आणि हसले तिला.

मग वही काढली. माझ्या नावापुढे कादंबरीचं नाव लिहिलं. शमीमच्या नावापुढे रेघ ओढली. पट्टीने. सरळ.

परतीच्या बसमध्ये तिने मला खिडकीजवळची जागा दिली. नेहमीसारखीच.

त्याबद्दल ती मला कधीच काही बोलली नाही. नंतर डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता माझ्याहून जास्त वाचते. मी आता दरवर्षी खरंच वाचते. यंदाही दोन पुस्तकं हाताशी आहेत, कोणतं सांगू ठरत नाही! येत्या रविवारी जायचंय. साडीला इस्त्री झाली, वही पिशवीत ठेवली. ती रेघ अजून तशीच आहे. त्या मळ्यात कुणालाही मी खरं सांगितलेलं नाही.

शमीम बसमध्ये सगळं सांगते — नातवंडं, गुडघे, कांद्याचा भाव. मी दरवर्षी विचारते, "यंदा काय वाचलंस गं?"

ती हसते आणि खिडकीबाहेर बघत म्हणते, "तिथंच ऐका की, बाई."